बंदीतला खेळ

जूनपासून होड्या पाजपंढरीच्या वाळूत, झापांखाली.
मी ओट्यावर रिकामा.
स्वरांगीने फोन हातात दिला,
"बाबा, एक गडी कमी पडतोय. ये."

पहिल्या दिवशी सात वेळा मेलो,
त्यात एकदा स्वतःच्याच बॉम्बने.
ती हसली नाही.
"अंगठा दाबू नको, टेकव.
जाळं भरताना टेकवतोस तसा."
एवढं कळलं.

मग तिने ऐकायला शिकवलं.
पावलं उजव्या कानात, तर माणूस उजवीकडे.
मी डोळे मिटले.
माझा बाप वल्ह्याचा दांडा पाण्यात धरून
त्याला कान लावायचा,
खाली ढोमा बोलतोय का बघायला.

तिसऱ्या आठवड्यात दारापाशी थांबायला लागलो.
आधी नकाशा, मग बंदूक.
औषधाची पेटी दिसली तर
ज्याचं रक्त कमी त्याला हाक मारायची.

एका रात्री आमच्यात नांदेडचं एक पोर होतं,
आवाज अजून फुटायचा होता.
चुकलो मी, मेलं ते.
आणि मीच माइकवर सणसणीत हाणली,
खलाशांना हाणतो तशी.
पलीकडे नाक ओढल्याचा आवाज.
स्वरांगीने माझा माइक बंद केला.
"बोटीवर चालत असेल."

चालतं का?
दिनू भुवड मागल्या शिमग्याला गावी गेला
तो परतलाच नाही.
मी फोनही केला नव्हता.

माइक परत चालू करून म्हणालो, "पोरा, चूक माझी."
सगळ्या बटणांत तेच जड गेलं.

ती साडेनवाला उठते. आधीच सांगते, हा शेवटचा डाव,
आणि जिंकत असली तरी उठते.
मी दोन वाजेपर्यंत बसलो.
सकाळी इंजिनाचा बोल्ट आडवा आटला,
आटे गेले, साडेतीनशे रुपये गेले.
ती काही बोलली नाही.
चार्जर मात्र तिच्या उशाखाली गेला.

नारळी पौर्णिमा झाली. नारळ सोडला, निघालो.
सुवर्णदुर्ग मागे पडला, मग रेंज गेली.
नव्या खलाशाने दोर उलटा गुंडाळला,
जाळं पंख्याकडे वळलं,
शिवी दातांपर्यंत आली.
इंजिन मंद केलं.
"सोड. परत घे."

रात्री फळीवर झोपलो तेव्हा म्हणे
माझे दोन्ही अंगठे हलत होते.