कुंभारीण

तासगावात, सांगली नाक्यावर
दस्तगीर मुलाणी उकिडवा बसलाय,
मागचं चाक उतरवून.
रिमवर तेलाचा काळा पट्टा,
वास कुजक्या अंड्याचा.

"चेन नाही, शाफ्ट आहे," मी जरा ऐटीत.
"चेन दिसते तरी," तो.

सील दोनदा बदललं,
एकदा मुंबईहून मागवलेलं,
एकदा ट्रॅक्टरचं, घासून बसवलेलं.
तरी कवलापूर येईस्तोवर टायर ओला.

आज तो सीलकडे बघतच नाही.
पेटीच्या डोक्यावरच्या
श्वासाच्या भोकात तार घालतो.
तारेला माती येते,
सुकलेली, निगुतीनं लिंपलेली,
आत वाळके दोन कोळी.

"कुंभारीण. बाईनं घर बांधलं,
तेलानं जायचं कुठनं?"

माती तो फेकत नाही,
खिडकीच्या गजाशी ठेवतो.
मग नवं तेल, मोजून पाव लिटर.

आधीच्या दोन सीलांचं
कुणीच काढत नाही.