जाड

भार्गवीनं काचेची पेटी ठेवलीय
बंद मागाच्या शेजारी,
जिथं टॉवेलच्या गठ्ठ्यांना मी दुपारी पाठ टेकायचो.
आत बॉल पायथन.
आफ्रिकेकडला वाण, कागदपत्रं सगळी केलेली,
हे ती मला तीनदा सांगते.
अडीच हात लांबी,
मधे माझ्या मनगटापेक्षा जाड.

अंबण्णा गड्डम बघायला येतो, चष्मा पुसतो.
"आबे, धामण बघ कशी सुतासारखी असते.
ह्याला काय रोज मटण घालतीस काय?"

पंधरा दिवसांनी एक उंदीर, ती म्हणते,
तोही कधी कधी नको असतो.
धामण उंदरामागं धावते, म्हणून बारीक.
झाडावर राहणारे अजगरही सडपातळ,
त्यांचा भार फांदीला परवडायला लागतो.
हा कुठं जात नाही.
वारुळाच्या पोकळीत बसतो,
कुणीतरी जवळून जाईल म्हणून.
झेपायचं एकदाच,
तेव्हा मागचं अंग जमिनीला धरून राहिलं पाहिजे,
नाहीतर झेपेबरोबर तोच उडेल.
आणि मग आवळायला मांस लागतं.

"म्हणजे चरबी नाही?"
"थोडी आहे. उपासासाठी."

अंबण्णा स्वतःच्या पोटावर हात ठेवतो.

मी मागाकडं बघतो.
नवा बीम आला की दोघांना उचलावा लागायचा.
हजारो धागे गुपचूप एकावर एक,
महिनाभराचं काम न बोलता गुंडाळलेलं.
विणत गेलं की तो उतरायचा,
शेवटी लोखंडी दांडी.
दांडी अजून आहे मागावर.
पुढचा बीम आलाच नाही.

उंबऱ्यात रामक्का, मांडीवर सूप,
सुपात तेंदूची पानं आणि कात्री.
चाळीस वर्षं एका जागी.
बसून बसून फुगली, म्हणतात गल्लीतल्या बायका.
मीही म्हटलंय, हसत.

माग थांबला त्या रात्री
मी चप्पल न घालता निघालो होतो,
कंबर तलावाच्या दिशेनं.
ती अंधारात तिथंच होती, उंबऱ्यात,
मला दिसली नव्हती.
मनगट धरलं.
बोलली काहीच नाही.
मी ओढून बघितलं, पुन्हा ओढलं,
मग खाली बसलो.
सकाळी चार बोटांचे वळ होते, निळे.

"घ्या ना काका, चावत नाही," भार्गवी म्हणते,
आणि माझ्या ओंजळीत ठेवते.
मे महिना, पत्र्याखाली चव्वेचाळीस,
तरी हा माठाच्या बुडासारखा गार.
आधी सरकतो. मग डोकं आत घालून
आपलाच चेंडू करतो.
वजन अंदाजापेक्षा जास्त आहे.

"मोठा झाला की आणखी जाड होईल?"

"मादी आहे ही," भार्गवी म्हणते.
"होईल."

उंबऱ्यात कात्री थांबते, थोडा वेळ.
"तिला पाणी ठेवलंय का बे कुणी," रामक्का विचारते,
आणि परत पान कापायला लागते.