कर्ता

तीन वर्षं झाली मला या घरात,
प्रांजलनं अजून कशानंही हाक मारलेली नाही.
आई नाही, मावशी नाही, काकी पण नाही.
"भात झाला का?"
"दप्तर कुणी हलवलं?"
"सहलीचे तीनशे उद्याच द्यायचेत."
सगळी वाक्यं अशी बेतलेली
की त्यात तू लागत नाही
आणि तुम्हीही लागत नाही.
चौदा वर्षांची पोर,
डोंबारणीसारखी चालते तारेवरून,
एकदा पाय घसरला नाही.

मी बेदाणा निवडते, तासगावात, सावळजच्या रस्त्याला.
पट्टा सरकत असतो,
हिरवा इकडं, पिवळा तिकडं,
देठ राहिलेला, काळा पडलेला बाजूला.
डोळ्यांआधी बोटांनाच कळतं.
संध्याकाळी घरी येते तर अंगाला गंधकाचा वास.
ती उठते, खिडकी उघडते.
एवढंच.

हे म्हणतात, "होईल हळूहळू. वयच आहे तसं."
हे कोल्ड स्टोरेजच्या गाडीवर,
आठवड्यातल्या चार रात्री बाहेर.
वय आहे खरं.
पण रात्री साडेनवाला ताटावरून उठून जाणाऱ्या वयासमोर
मी एकटीच बसलेली असते,
आमटीवर साय धरेपर्यंत.

तिच्या आईला मी पाहिलेलं नाही.
अक्षर तेवढं ओळखते.
स्वयंपाकघरात एकवीस डबे,
प्रत्येकावर कागदाची पट्टी, निळी शाई.
जाड रवा. हुलगे. मूगडाळ.
शेंगकूट, आधी हे संपवणे.
साबुदाण्याच्या खाली दोन रेघा आहेत.
का, ते आता कुणाला विचारायचं?
मी डबे कधी पाण्यात घातले नाहीत,
कोरड्या फडक्यानं पुसत आले,
पट्टीच्या कडेकडेनं.

गेल्या बुधवारी दोन पाळ्या करून आले होते.
शेंगकुटाच्या डब्याला तेलकट चिकटा,
हात आपोआप चालले.
पट्टी सुटली तेव्हा कळलं.
मोरीच्या जाळीत अडकली होती,
निळं पाणी निघून चाललं होतं.

ती शाळेतून आली.
आधी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"तू का धुतलास?
तू कोण आहेस गं? तुला कुणी सांगितलं होतं?
तू हात का लावलास, तू..."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही.
लाज वाटते सांगायला, पण मी मोजत होते.
निवडणाऱ्या बाईची सवय.
तू, तू, तुझ्यामुळं, तुला.
अकरा.
आमच्याकडं बापाला तुम्ही, आत्याला तुम्ही.
तू म्हणतात ते आईला,
देवाला,
आणि वैऱ्याला.
यातली मी कुठली, ते मी विचारलं नाही.
"चुकलं माझं," एवढंच म्हणाले.
दमले होते हे नाही सांगितलं.
पट्टी जाळीतून सोडवून
वर्तमानपत्रावर पसरली, पंख्याखाली.

ती जेवली नाही.
अकराच्या पुढं भांड्याचा आवाज आला,
मी उठले नाही.
सकाळी बघते तर पट्टी परत डब्यावर,
शिळ्या भाताच्या शितांनी चिकटवलेली, जरा तिरकी.
अक्षर एकही नाही,
निळसर डाग नुसता.
तिनं नवीन काही लिहिलं नव्हतं.
मीही पेन शोधलं नाही.
आत काय आहे ते आम्हा दोघींना ठाऊक आहे.

मी भाकरी थापत होते,
ती उंबऱ्यात बसून पाठ करत होती,
चाचणी होती मराठीची:
भावे प्रयोगात क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही,
कर्माचंही ऐकत नाही.
मग सॉक्स चढवता चढवता, भिंतीकडं बघत,
"डबा भरलाय का?"

"भरलाय," मी म्हणाले.
"शेंगकूट जास्त घातलंय."