दहा वाजताच्या जागी

रिपोर्टात लिहिलंय : उजवीकडे, दहा वाजता.
मी तर चारला गेले होते,
राजारामपुरी, सातवी गल्ली, पहिला मजला,
चपला दाराबाहेर काढून.
त्या ढिगात दोन जोड माझ्या हातचे होते.
आपली वेणी ओळखतेच की बाई.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीचं घड्याळ धरतात,
मधी बोंड, भोवती तास.
दहाच्या जागी नऊ मिलिमीटर.
कडा गुळगुळीत. आत पाणी,
पण अगदी निवळ नाही, जरा गढूळ.
म्हणून तीन नंबर.
दोन असता तर घरी जा म्हटलं असतं,
चार असता तर सुई.
तीन म्हणजे बहुधा.

बहुधा साधी गाठ.
आमच्या सुभाषनगरात बहुधा कुणी म्हणत नाही.
असंल म्हणतात. नसंल म्हणतात.
दोन्हीच्या मधी उभं राहायला
कुणाला वेळ आहे?

खरं तर आधी अंगठ्याला कळलं होतं, आंघोळीला.
एकवीस वर्षं कातड्याच्या पट्ट्या वळतोय तो,
कुठं जाड, कुठं कण,
डोळ्यांच्या आधी सांगतो.
कण लागला की पट्टी मी बाजूला टाकते.
ही कुठं टाकू?

धाकट्या जावेनं लगेच इचलकरंजीची कुणी काढली,
तिलाही असंच, गोटीएवढं, आणि मग
दूध उतू गेलं म्हणून ती आत पळाली.

शंभरजणींना तीन लिहिलं
तर अठ्ठ्याण्णवांचं तरी काही निघत नाही,
बाई सांगत होत्या, जेल पुसायला कागद देत.
रिक्षात मी उरलेल्या दोघींचा विचार करत बसले.
त्यांनीही चपला बाहेरच काढल्या असतील.

सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं :
तेवढीच आहे, वाढली, का विरून गेली.
फरक वाटला तर आधीच या,
पण रोज दाबून बघू नका, म्हणाल्या.
काल रात्री अंगठा निघालाच होता तिकडं.
उठले, दिवा लावला, त्याला एक पट्टी दिली वळायला.

दिवाळीची गिऱ्हाइकी सरल्यावरची तारीख आलीय.
कॅलेंडरावर गोल केला.
गाठ लिहवेना. लिहिलं, दहा वाजता.
लेकीनं वाचलं,
कुठं जायचंय गं दहाला?
जवळच, म्हटलं.
बस इकडं, वेणी सुटलीय तुझी.