सहावं शामदान

थंडीत चार वाजताच अंधारतं व्हिटबीला.
थर्झा जिन्याच्या तळाशी, मेजावर
सहा शामदानं मांडते.
पितळी बशी, बशीला कान,
कानावर अंगठा टेकेल एवढी जागा झिजलेली.

मालकांच्या बशीत लाखेचे लाल ठिपके.
प्रूडेन्सबाईंची मेणबत्ती सगळ्यांत आधी संपते;
पडद्याची झालर एकदा जळलीय,
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.
ओसविनच्या शामदानाला पोचा –
जिन्यावरून गडगडलं होतं. तोही.

सहावं जेथ्रोचं.
तो देवमाशांच्या मागे उत्तरेला गेला,
लंडनच्या दिव्यांना तेल हवं म्हणून.
दोन हिवाळे झाले. पत्र नाही.
"मांडत जा," एवढंच बाईसाहेब म्हणाल्या.
रोज मांडायचं, रोज पुसायचं,
मेणबत्ती पिवळी पडलेली, वात कोरी.

थर्झाच्या वाट्याला लव्हाळा:
उन्हाळ्याच्या शेवटी कापून, सोलून,
मेंढीच्या चरबीत बुडवलेला,
लोखंडी चिमट्यात तिरका धरायचा.
हातभर लव्हाळा, अर्धा तास उजेड,
आणि वास असा, की उशाला मेंढी झोपल्यासारखी.
अर्ध्या तासात काय शिकणार माणूस?
तिला वीस अक्षरं येतात. सहा राहिलीत.

एका रात्री तिनं सहावं उचललं.
तिसरी पायरी कुरकुरते, ती टाळून
माळ्यावर गेली.
पहाटे काजळी झाडून, बशी घासून
परत जागच्या जागी.
बोटभर कमी झालेली मेणबत्ती मात्र
घासून भरून निघत नाही.

बाईसाहेबांनी पाहिलं.
विचारलं काहीच नाही.
मेणबत्त्यांच्या पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला,
बुडखेसुद्धा मोजून घेणारी बाई.
शनिवारी सहाव्यात नवी मेणबत्ती होती,
चरबीची नव्हे, मधमाशांच्या मेणाची,
आणि बशीत, मेण ओघळतं तिथे,
कागदात गुंडाळलेला आल्याच्या केकचा तुकडा.

थर्झा बराच वेळ नुसती उभी.
मग केक खिशात घातला,
ज्योतीला तळहाताचा आडोसा केला.
पहिली पायरी, दुसरी,
आणि तिसरीवर
सगळा भार टाकून, पुरुषासारखं
पाऊल.

वर, बंद दारामागे
कुणीतरी कूस बदलली.