उलटं बघ

शट्टुप्पाकाका मोबाईल पुढं करतो:
"बेळगाव ते डब्लिन. बघ की जरा."
आठ हजार किलोमीटर, मी सांगतो,
हवेतनं, सरळ रेघ धरून.
"एंटु साविर," तो पुटपुटतो.
हिशेब त्याचा कानडीतच चालतो,
विटांचा असो की लेकीचा.

वेळ? दोनदा विमान बदलून वीस तास.
"एवढ्यात भट्टीसुद्धा निवत नाही."

सांबऱ्याच्या कुंपणाआड
संध्याकाळचं विमान वळतंय,
कच्च्या विटांच्या रांगांवर त्याची धूळ.
रेघ कुठनं कुठनं जाते, विचारतो.
समुद्र, वाळवंट, बर्फाचे डोंगर.
चहाला उतरावं असं एकही गाव नाही.

रेणुकाचा फोन लागला तेव्हा तिकडं दुपार,
वॉर्डाबाहेर उभ्यानंच डबा खात होती.
"बोला की बाबा, दहाच मिनिटं सुट्टी."
त्यानं विचारलं, पाऊस हाय काय?
ती म्हणाली, हाय.
झालं.

मी चप्पल घालताना म्हणाला,
"आता उलटं बघ. डब्लिन ते बेळगाव."
अंतर तेवढंच, काका.
वेळ थोडा कमी,
येताना वारं पाठीशी असतंय.

"मग हे आधी सांगायचं नाही व्हय?"