कोणत्या रकान्यात

तामालेच्या बाहेर, टायरच्या दुकानावर माडीला आमचं कार्यालय.
खाली नऊ गाड्या. सहा तीनचाकी, मागे ताडपत्रीचं छप्पर,
दोन जुन्या व्हॅन,
आणि एक, जी सुट्या भागांसाठीच उभी असते.
मी सनातू. इथे हिशेब ठेवते.
आजारी माणसाला मी कधी हात लावलेला नाही.

शहरातली हॉटेलं पूर्ण दर देतात,
सिमेंटवाले वर्षाचा करार करतात,
त्या पैशावर गावाकडची गाडी निघते.
गावाकडे वीस सिडी. नसतील तर दहा.
तेही नसतील तर नापारी म्हणतो, आधी बसा.
गाडी तो चालवतो, त्याचं बोलायला काय जातं?
पेट्रोलचं बिल माझ्या टेबलावर येतं.

म्हणून माझ्या वहीत अशा नोंदी:
शिआच्या बिया, अर्धं पोतं, येणे.
गिनी कोंबडीची अंडी एकोणीस, जमा. एक फुटलं.
मुलाचं नाव नापारी ठेवलं, जमा.
ही ओळ त्याच्या हातची.
मी खोडली.
संध्याकाळी पेन्सिलने परत लिहिली.

गावांना पत्ते नाहीत.
रात्री वुम्पिनी फोनवर विचारते, कुठून बोलताय?
गोरखचिंचेपासून.
कुठली गोरखचिंच?
जिच्यावर वीज पडली ती.
अशा सत्तावीस गोरखचिंचा तिला पाठ आहेत,
मोडकी पाणचक्की, पिवळी मशीद,
आणि एक आंधळा शिंपी, जो दारातून उठत नाही.

ऑगस्टमध्ये पांढरी व्होल्टा फुगली होती.
लारिबा, पहिलटकरीण, कळा सकाळपासून.
गाडी उतारावर रुतली,
नापारीने दगड रचले, चटई घातली, शेवटी स्वतःचा शर्ट.
दोन तास दहा मिनिटं.
मी ते आकड्यात लिहिलं. आकड्यात लिहिलं की हात थरथरत नाही.
आमचा नियम आहे,
पोहोचायच्या आत माणूस गेलं तर भाडं नाही.
रकान्यात लिहिलं: माफ.

डिसेंबरात, हरमत्तानच्या धुळीत,
एक माणूस सायकल हातात धरून जिना चढला.
भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या.
यिदाना. लारिबाचा नवरा.
त्याने धोतराएवढ्या फडक्याची गाठ सोडली
आणि टेबलावर नाणी मोजायला लागला.
तुमचं काही देणं नाही, मी म्हटलं.
गाडी आली होती, तो म्हणाला.
उशिरा आली.
आली होती.
माझी आई गेली तेव्हा रस्त्याकडे बघायलाही कारण नव्हतं.
त्या रात्री मी रस्त्याकडे बघत होतो.
दिवा दिसला. तिला सांगितलं, दिसला.
तेव्हा तिला ऐकू येत होतं.

वीस सिडी. पूर्ण.
पावती द्या, म्हणाला.

पावतीवर कशाबद्दल म्हणून एक रिकामी रेघ असते.
तिच्यावर मी पेन टेकवून किती वेळ बसले.
खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं,
तो आवाज थांबला तेव्हा
मी फक्त तारीख घातली.

दारातून तो परत फिरला.
पावसात गोरखचिंचेच्या बाजूने येऊ नका, म्हणाला,
ती वाट खचते.
मोठ्या वारुळाला वळसा घाला. बैलगाडी तिथूनच जाते.
भावाच्या बायकोला मार्चात दिवस भरतात.

हे मी धावत जाऊन वुम्पिनीला सांगितलं.
तिने नकाशात टाचणी खोचली,
पुन्हा विचारलं, वारूळ डावीकडे की उजवीकडे?
मला माहीत नव्हतं.
आम्ही खिडकीतून ओरडून विचारलं,
तोवर तो नाक्याच्या पलीकडे.
नापारी तीनचाकी घेऊन त्याच्या मागे गेला
आणि त्याला, सायकलीसकट, घरापर्यंत सोडून आला.
पेट्रोल अकरा सिडीचं.
आल्यावर म्हणाला, डावीकडे.

वर्षअखेरीला तपासनीस चष्मा वर करून विचारतात,
या वहीत वीस सिडी जास्त कसे?
मी म्हणते, जुळत नाहीत.
शोधा ना, ते म्हणतात.
हो, म्हणते,
आणि पान उलटते.